कंत्राटदार म्हणतो, ‘कर्जही मीच करून देतो’

वाचकाचं पत्र

मी ६४ वर्षांची निवृत्त शिक्षिका. डोंबिवलीत चार मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहते. यजमान जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला असतो. गेल्या दोन पावसाळ्यांत बेडरूमच्या छताला ओल येऊन पोपडे सुटले आहेत. महिन्यापूर्वी एक कंत्राटदार स्वतःहून दारात आला. बोलायला अतिशय नम्र. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाथरूम नवीन, स्वयंपाकघरात ट्रॉल्या आणि रंग असं सगळं मिळून चार लाखांचं पॅकेज त्याने सांगितलं. वर म्हणाला, “काकू, तुम्हाला खिशातून रुपया काढायला नको. फ्लॅट नऊ टक्क्यांनी कर्ज मीच करून देतो. बँकेची पायरीही चढायला नको.” मी त्याला आधार, पॅन आणि पेन्शनच्या पासबुकाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, टोकन म्हणून अकरा हजार दिले. आता तो सही केलेले दोन कोरे चेक मागतोय आणि मोबाइलवर येणारा ओटीपी सांगा म्हणतोय, ‘फक्त पात्रता तपासायला’. ऑफर रविवारपर्यंतच आहे म्हणे.

काल कळलं, खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचं काम यानेच घेतलं होतं. फेब्रुवारीत बाथरूम फोडलं, अर्ध्या टाइल्स लावल्या आणि माणूस गायब. हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातोय. मुलगा माझ्यावर चिडलाय. शिकलेली असून मी अशी कशी फसले? महारेराकडे तक्रार करू का? आणि शेजारणीला काय सांगू?

उत्तर

ताई, आधी दोन गोष्टी, मग बाकीचं. चेक देऊ नका आणि कुठलाही ओटीपी त्याला सांगू नका. रविवार येऊ दे आणि जाऊ दे. अकरा हजार कदाचित गेले असतील, पण तुम्ही स्वतः त्याला अजून कर्जासाठी सही दिलेली नाही की ओटीपी दिलेला नाही. म्हणजे वेळ गेलेली नाही.

आणि ‘शिकलेली असून’ हे तुम्ही मनातून काढून टाका. माझी सगळी नोकरी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात झाली. हेच वाक्य मी वकिलांच्या तोंडून ऐकलंय, डॉक्टरांच्या आणि लेखापालांच्याही. रात्री टपटपणाऱ्या छताखाली पातेलं ठेवून झोपणाऱ्या माणसाकडे कुणी आदराने आलं, ‘काळजी करू नका, सगळं माझ्यावर सोपवा’ म्हणालं, की विश्वास बसतोच. तुमच्या चिरंजिवांनाही हे सांगा. चिडून बोललं की आई पुढच्या वेळी विचारणारच नाही, आणि या लोकांना नेमकं तेच हवं असतं.

आता मुद्दा. घराचं काम करून घेणं हा एक व्यवहार आहे आणि कर्ज घेणं हा दुसरा. कंत्राटदाराशी तुमचा करार कामाचा, कर्ज देणाऱ्या संस्थेशी करार पैशाचा. कामवाला उद्या पळून गेला तरी दुसरा करार जागच्या जागी राहतो. संस्था म्हणते, आम्ही पैसे दिले, तुम्ही सही केली, हप्ता भरा. तुमच्या शेजारणीचं नेमकं हेच झालंय. जो माणूस हे दोन्ही व्यवहार एका मुठीत धरून येतो, त्याला त्याचे पैसे काम सुरू व्हायच्या आधीच मिळून जातात. मग उरलेल्या टाइल्स लावायला त्याने परत का यावं? तो सुरुवातीपासून लबाड असेल असंही नाही. पण पैसे हातात पडल्यावर काम लांबवणारा आणि पैसे घेऊन पळणारा, यांच्यातला फरक तुम्हाला फोडलेल्या बाथरूममध्ये उभं राहून कळणार नाही.

बिल्डरांच्या बाबतीत हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. इमारत उभी नाही आणि कर्जाची रक्कम बिल्डरच्या खात्यात पोचलेली, असे प्रकार वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावलं की गृहकर्जाचे पैसे बांधकामाच्या टप्प्यांनुसारच सोडा. तरीही दिल्लीच्या आसपास हजारो लोक ताबा न मिळालेल्या घरांचे हप्ते भरत राहिले, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बिल्डर आणि कर्ज देणाऱ्या संस्थांच्या संगनमताची चौकशी सीबीआयकडे सोपवावी लागली. तिथे अख्खी इमारत होती, इथे एक बाथरूम आहे. युक्ती तीच.

‘फ्लॅट नऊ टक्के’ हा शब्दही नीट बघा. शाळेत तुम्ही सरळव्याज शिकवलं असेल, हे तेच. चार लाखांवर दरसाल नऊ टक्के, पाच वर्षं, म्हणजे व्याज १,८०,०००. महिन्याचा हप्ता सुमारे ९,६६७. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार, मग चौथ्या-पाचव्या वर्षीही पूर्ण चार लाखांवर व्याज का? बँका घटत्या शिलकीवर व्याज धरतात. तसे खरेच नऊ टक्के असतील तर हप्ता ८,३०० च्या आसपास येतो आणि पाच वर्षांचं व्याज ९८ हजारांच्या घरात. त्याचे ‘फ्लॅट नऊ’ म्हणजे बँकेच्या भाषेत जवळजवळ पावणेसोळा टक्के. त्यावर प्रोसेसिंग फी आणि गळ्यात मारलेला विमा वेगळा.

हे लपू नये म्हणूनच नियम आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून कुठल्याही बँकेने किंवा वित्तसंस्थेने वैयक्तिक ग्राहकाला मुदतीचं कर्ज देण्याआधी ‘मुख्य तथ्य विवरण’ द्यायलाच हवं, तेही ग्राहकाला कळेल अशा भाषेत. लोक त्याला केएफएस म्हणतात. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो हे एका आकड्यात लिहिलेलं असतं, आणि ते विवरण किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असतं. म्हणजे कायद्याने तुम्हाला विचार करायला तीन दिवस दिलेत आणि हा गृहस्थ तुम्हाला रविवारची भीती घालतोय. त्याला एवढंच विचारा, “कर्ज कोणती संस्था देणार? तिचं केएफएस मराठीत पाठवा.” फोन बहुधा तिथेच बंद होईल.

ओटीपीबद्दल. पात्रता बघायला ओटीपी लागतो हे अर्धसत्य आहे. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, बघायला तो लागतो, पण आधारवरून ई-सही करायला आणि खात्यातून दरमहा हप्ता कापण्याची परवानगी, म्हणजे ई-नॅच मँडेट, द्यायलाही ओटीपीच असतो. समोरचा कुठला मागतोय हे फोनवर कळत नाही. ओटीपीचा मेसेज शेवटपर्यंत वाचायची सवय लावा. तो कशासाठी आहे हे त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, आणि घाईत आपण फक्त सहा आकडे वाचतो.

कोऱ्या चेकचं तर आणखी गंभीर. सही करून स्वखुशीने दिलेला कोरा चेक समोरच्याने भरला आणि तो वटला नाही, तर ‘मी कोरा दिला होता’ एवढ्यावर सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. असं देणं नव्हतंच, हे सिद्ध करायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. म्हणून कोरा चेक कुणालाच देऊ नये, भावालाही नाही.

एक गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच आहे, कारण ती अजून माझ्या मनातून जात नाही. नोकरीत असताना माझ्या टेबलावर घरदुरुस्तीच्या कर्जाची एक फाइल आली. कोटेशन होतं, फोटो होते आणि ‘काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले’ असं सही केलेलं पत्र होतं. मी जागेवर गेले नाही. कागद पूर्ण आहेत म्हणून शेवटची रक्कम कंत्राटदाराला सोडली. दोन महिन्यांनी ते वयस्कर जोडपं बँकेत आलं. घराचं छप्पर उघडं आणि पावसाळा सुरू झालेला. आजोबा म्हणाले, पहिल्याच दिवशी त्याने पंधरा-वीस कागदांचा गठ्ठा समोर ठेवला आणि ‘इथे, इथे, इथे’ करत सह्या घेतल्या. समाधानाचं पत्र त्याच गठ्ठ्यात होतं, तारखेची जागा मोकळी सोडून. त्या दिवसापासून जागा बघितल्याशिवाय मी एकही रक्कम सोडली नाही, पण त्या दोघांना त्याचा काही उपयोग झाला नाही. शेजारणीला विचारा, त्यांनीही अशी सही केली असण्याची शक्यता खूप आहे.

आता तुमच्या गळतीकडे वळते, कारण तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते इथेच. तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहता आणि पाणी छतातून येतंय. म्हणजे ते गच्चीतून येतंय. ताई, ती गच्ची तुमची नाही, सोसायटीची आहे! महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याने होणारी गळती, बाहेरच्या सामायिक पाइपांमुळे होणारी गळती आणि गच्चीतून पाणी उतरून वरच्या मजल्याच्या छताचं आणि प्लास्टरचं झालेलं नुकसान, हे सगळं संस्थेने संस्थेच्या खर्चाने दुरुस्त करायचं असतं. सभासदाकडे येते ती घरातली गळती, म्हणजे आपलं संडास-बाथरूम, सिंक वगैरेची. बहुतेक संस्थांनी हेच उपविधी स्वीकारलेले असतात. सेक्रेटरीकडून तुमच्या संस्थेची प्रत मागून बघा. त्या माणसाने जे पॅकेज तुमच्या गळ्यात घातलं त्यातलं मुख्य काम तुमच्या पैशांचं नव्हतंच. आणि सोसायटीला न विचारता सामायिक गच्चीवर तो हातोडा कसा चालवणार होता? ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, उखडून नवा घालणं हे एका घरापुरतं काम नसतं. अर्धी गच्ची करून पाणी थांबत नाही, ते दुसरी वाट शोधतं.

त्याला दिलेल्या कागदांचं काय? आज त्याला व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहा, “मी आपल्याला काम देत नाही. माझी कागदपत्रे कोणत्याही कर्जासाठी वापरण्यास माझी संमती नाही. टोकनचे ११,००० रुपये परत करावेत.” फोनवर बोलू नका, लिहाच. टोकन ऑनलाइन दिलं असेल तर त्याची नोंद जपून ठेवा. आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करा, ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ॲपवर होतं, आणि चिरंजीव फोनवरून मदत करू शकतील. मग तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यात ‘एन्क्वायरी’ असा भाग असतो, म्हणजे तुमच्या नावाने कर्जासाठी कुणी चौकशी केली ते. तिथे अनोळखी संस्था दिसली तर तिला लगेच ईमेल करा की हा अर्ज माझा नाही. महिन्याने पुन्हा बघा. तुमचं नसलेलं कर्जच नोंदलेलं दिसलं तर त्या कंपनीकडे तक्रार नोंदवा; तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. आणि खात्यातून पैसे गेले तर वाट बघू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

महारेराबद्दल विचारलंत. ते प्राधिकरण घरं विकणाऱ्या प्रकल्पांसाठी आहे, त्याचा कायदा तुमच्या घरातल्या दुरुस्तीला लागू होत नाही. तुमची दारं दुसरी आहेत, ती शेजारणीच्या निमित्ताने सांगते.

शेजारणीला पहिली गोष्ट सांगा, चिडून हप्ता थांबवू नका. तो थांबवला की दंड लागतो, क्रेडिट स्कोअर पडतो, आणि परत आलेल्या ई-नॅचवरही चेक न वटल्यासारखाच खटला होऊ शकतो. हप्ता भरा, पण त्याच आठवड्यात कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा की काम अर्धवट आहे, रक्कम परस्पर कंत्राटदाराला गेली आहे, आणि मी हप्ते हरकत राखून भरते आहे. सोबत मागा: कर्जाच्या कराराची प्रत, केएफएस, रक्कम कोणत्या तारखेला कोणाच्या खात्यात गेली त्याचा तपशील, आणि कामपूर्तीचं पत्र असेल तर त्याची प्रत. ॲपवरून किंवा ऑनलाइन झालेलं कर्ज मधल्या एजंटाच्या खात्यात जाता कामा नये, ते कर्जदाराच्याच खात्यात गेलं पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. विशिष्ट कामासाठीचं कर्ज थेट विक्रेत्याला देण्याची मुभा त्यात आहे. याच फटीतून कंत्राटदार आत शिरतात. पण तोच कंत्राटदार त्या संस्थेचा कर्जाचा एजंटही असेल, तर प्रश्न उभा राहतो, आणि आपल्या एजंटाच्या वागण्याची जबाबदारी संस्थेला झटकता येत नाही.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर बँक आणि बिगरबँक वित्तसंस्थेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वसुलीवाले त्रास देत असतील तर लक्षात असू दे, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करायचा नाही.

कंत्राटदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोग. आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे तुमच्यासाठी ठाणे. कामाची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पण सर्वांत आधी पुरावा गोळा करा. बाथरूमचे तारखेसह फोटो काढा, आणि एखाद्या दुसऱ्या जाणत्या कंत्राटदाराकडून किंवा आर्किटेक्टकडून लेखी घ्या की किती काम झालंय, ते किती रुपयांचं आहे आणि उरलेल्याला किती लागतील. हे घेतल्याशिवाय राहिलेलं काम दुसऱ्याकडून पूर्ण करून घेऊ नका, नाहीतर दाखवायला काही उरणार नाही.

पोलिसांत एकट्या गेल्या तर ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकून परत यावं लागण्याची शक्यता मोठी. म्हणून आसपासच्या इमारतींत विचारा. त्याच माणसाने त्याच पद्धतीने आणखी दोघा-तिघांना अडकवलं असेल तर सगळ्यांनी मिळून जा. पैसे घेतानाच काम करायचा इरादा नव्हता हे त्यातून दिसतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालच्या फसवणुकीत हाच इरादा कळीचा असतो. तुमचं पत्र आणि तुमचे व्हॉट्सॲप संदेश त्यांच्या तक्रारीला बळ देतील. तुम्हाला लाज वाटते म्हणून ते झाकून ठेवू नका.

बाथरूम आणि ट्रॉल्या खरंच हव्या असतील तर जरूर करा, घर तुमचं आहे. पण कर्ज तुम्ही स्वतः जाऊन आणा. पेन्शन जमा होतं त्याच शाखेत आधी विचारा, बऱ्याच बँकांत पेन्शनरांसाठी वेगळं कर्ज असतं. मुदत ठेव असेल तर तिच्यावरचं कर्ज बहुधा सर्वांत स्वस्त पडतं. पैसे तुमच्या खात्यात येऊ देत आणि तिथून तुमच्या हाताने जाऊ देत.

कंत्राटदार निवडताना त्याचा जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो, आणि नाव कोटेशनवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. लहान मिस्त्रीकडे हा क्रमांक नसतो, त्यात गैर काही नाही. मग त्याने वर्षापूर्वी केलेली दोन बाथरूमं जाऊन बघा आणि घरच्या बाईला विचारा, पाणी कुठे तुंबतं का. कोटेशन ‘पॅकेज’ म्हणून घेऊ नका. किती चौरस फूट, कुठल्या कंपनीची टाइल, नळ कोणते, डेब्रिज कोण उचलणार, हे वेगवेगळं लिहून घ्या. आधी दहा टक्के, मग टप्पा झाला की टप्प्याचे पैसे. टाइल्स बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी तुंबवून ठेवायला सांगा आणि खालच्या घराचं छत स्वतः बघून या. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत आपल्याकडे. चांगला कारागीर याला कुरकुर करतो पण मान्य करतो. जो ऐकताच रागावतो त्याला चहा देऊन निरोप द्या.

सोसायटीला पत्र मात्र याच आठवड्यात द्या, छताचे फोटो जोडून. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत स्वतःकडे ठेवा. सेक्रेटरी घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. एकदा पाऊस लागला की गच्चीचं काम पुढच्या वर्षावर जातं, आणि अजून एक पावसाळा तुम्ही पातेली मांडत काढू नये असं मला फार वाटतं. तुमच्या संस्थेचं उत्तर काय येतं ते मला नक्की कळवा.